ठासणीची बंदूक आणि कुणग्यातलं भेकर

श्रोतेहो, नमस्कार.

भात पोटरीला आलं की कोकणातल्या वाड्यांची झोप उडते. शेतातल्या माळ्यावर कंदील, हातात डबा आणि काठी, आणि एखाद्याच्या खांद्याला आजोबांच्या वेळेपासून घरात असलेली ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं आणि शेवटी मागे केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवायची. एवढं करून एक बार. दुसरा भरून होईतो डुकरं शेजाऱ्याच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, पोचलेली असतात!

मी वनखात्यात नोकरी केली. निवृत्त होऊन गावी आलो, तरी माणसं अजून दार वाजवतात. गेल्या हंगामात एका पहाटे असाच एक शेजारी आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "काका, डुकर म्हणान बार काढलंय. सकाळी जावन बघतंय तर भेकर." भेकर म्हणजे भुंकणारं छोटं हरीण. थोडं थांबून त्याने पुढे जोडलं, "पण माझ्याकडे लायसन आसा."

आज बोलायचं आहे ते या शेवटच्या वाक्याबद्दल.

लायसन होतं, हे खरंच. 1959 च्या शस्त्र अधिनियमात, तेराव्या कलमात, ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ती मिळते. ती पुरी पडत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. पण हा कायदा बंदूक कोणी बाळगायची तेवढंच सांगतो. तिच्यासमोर कुठलं जनावर यावं, हे त्यात नाही. ते लिहिलंय दुसऱ्या कायद्यात, 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. एका कायद्याचा कागद दाखवून माणूस दुसऱ्या कायद्यातून सुटू बघतो.

1972 चा कायदा आला तेव्हा त्यात शिकारीचे परवाने होते. 1991 च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. म्हणून वाडीतले म्हातारे "आम्ही रीतसर परवान्याने मारायचो" म्हणतात, ते खोटं बोलत नाहीत, फक्त ते दिवस गेले. आणि शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. जखमी करणं, फासकी लावणं, हाका घालून जनावर उठवणं, या सगळ्याचा प्रयत्न करणंसुद्धा शिकारच. "बार काढला पण लागला नाही" हा बचाव होत नाही. ठासणीच्या बंदुकीचे छर्रे पसरतात, जनावर लंगडत रानात जातं आणि चार दिवसांनी मरतं. आपल्याला वाटतं, वाचलं. कायद्याला तसं वाटत नाही, आणि भेकरालाही नाही.

मग पिकात घुसणाऱ्या जनावराचं करायचं काय? याच वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात त्याची सोय आहे. उभ्या पिकाला धोका झालेल्या जनावराला मारायची परवानगी मिळू शकते, पण ती लेखी हवी, कारणासह हवी, आणि बार काढण्याआधी हातात हवी. डुकरासाठी मिळालेला कागद भेकराला चालत नाही. अंगावर आलेल्या जनावराला जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने मारलं तर तो गुन्हा नाही. मात्र तुम्ही मुळात पारधीलाच निघाला असाल आणि मग डुकर अंगावर आलं, तर ही सवलत तुम्हाला नाही. आणि असं मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता. वाटे घालायचे नाहीत.

तुमच्यातल्या कोणाचा मुलगा अमेरिकेत असेल, तर तो सांगेल की तिकडे हरणाची शिकार चालते. चालते. पेनसिल्वेनिया राज्यात नाताळानंतर खास ठासणीच्या बंदुकीचा हंगाम असतो, 1974 पासून. पण त्याचे नियम ऐका. बंदूक गारगोटीच्या ठिणगीने पेटणारीच हवी, केपाचीही नको. दुर्बीण लावायची नाही. नळीचा व्यास 0.44 इंचाहून कमी नको. पडलेल्या हरणाला जागेवर चिठ्ठी बांधायची आणि दहा दिवसांत खात्याला कळवायचं. म्हणजे जिथे परवानगी आहे तिथेही एकेका हरणाचा हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे हंगामच नाही, त्यामुळे तिथला व्हिडिओ बघून कोणी इथे भेकराच्या मागे लागू नये.

अभयारण्याजवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. राधानगरीसारख्या अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत परवान्याची बंदूक असेल, तर ती वन्यजीव अधिकाऱ्यांकडे नोंदवावी लागते. नवा परवानाही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. अनेकांना हे ठाऊकच नसतं.

शिक्षेचंही सांगतो, घाबरवायला नव्हे. साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राणी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या यादीतला असेल किंवा जागा अभयारण्यातली असेल, तर किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दंड पंचवीस हजारांपेक्षा कमी नाही. त्याशिवाय गुन्हा शाबीत झाला तर कोर्ट बंदुकीचा परवाना रद्द करू शकतं, आणि मग पाच वर्षं नवा मिळत नाही. शेतकऱ्याला बहुधा हीच शिक्षा जास्त झोंबते.

आता शेतकऱ्याचीही बाजू. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करा म्हणतात, आणि नेमकी त्याच दिवसांत डुकरं गावभर प्रचाराला फिरतात. हा राग मला समजतो. पण भरपाई मागायचा आळस आपणही करतो. हरणांनी केलेली नासाडीसुद्धा भरपाईच्या योजनेत बसते. नुकसान दिसलं त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा करून घ्या. महिन्याने गेलात तर दाखवायला उरतं काय?

ठासणीच्या बंदुकीचा एक गुण मात्र आपण विसरतो. काडतुसात कंपनीने भरलेलं असेल तेच उडतं, इथे नळीत काय घालायचं ते आपल्या हातात असतं. डुकरं पळवायला आवाज लागतो, छर्रे लागत नाहीत. नुसती दारू आणि बोळा ठासला तरी रान दणाणतं. फक्त जळता बोळा सुक्या गवतात पडणार नाही आणि समोर कोणी माणूस नाही, एवढं बघा. बॅटरीच्या झोतात चमकणारे दोन डोळे डुकराचे, भेकराचे की शेजाऱ्याच्या वासराचे, हे लांबून छातीठोक सांगणारा माणूस मला तीस वर्षांत भेटला नाही.

त्या पहाटे शेजाऱ्याला मी म्हटलं, जनावराला हात लावू नकोस, बंदूक लपवू नकोस, आधी वनरक्षकाला फोन कर. तो म्हणाला, "म्हणजे मीच माझ्यावर केस घालू?" गुन्हा नोंदला जाईल, हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. पण तोवर घरात सुरी निघाली असती, चार घरी वाटे गेले असते, तर चार घरं अडकली असती. तो बराच वेळ ओसरीवर बसून राहिला. मग त्याने माझ्याच फोनवरून नंबर लावला.

केस अजून चालू आहे. बंदूक जप्त आहे. यंदा तो माळ्यावर पत्र्याचा डबा घेऊन बसतो, आणि रात्री कधी भेकर भुंकलं की बडवायचा थांबतो.

नमस्कार.