पन्नास जणांना घोडा हवा असतो तेव्हा

मित्रहो, सुरुवात एका पोपटापासून करते. २०१७ मध्ये माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये पोपट आले. चाचणीच्या आवृत्त्यांमध्ये त्यांना माणसाळवायचं कसं, तर कुकी खायला घालून. चॉकलेटचे तुकडे असलेली कुकी. रेडिट या चर्चेच्या साइटवर, जिथे लोक पोस्टला मतं देतात, एका खेळाडूनं लिहिलं, की पोपटांना चॉकलेट विषारी असतं, हा खेळ लहान मुलं खेळतात, आणि एखादं पोर घरच्या पोपटाला खरंच कुकी भरवेल. खेळ बनवणाऱ्या मोजांग कंपनीनं ते बदललं. जूनमध्ये १.१२ ही आवृत्ती बाहेर आली तेव्हा पोपट बियांनी माणसाळत होते, आणि कुकी दिली तर मरत होते.

त्या पोस्टला मतं भरपूर पडली होती. पण एकही मत पडलं नसतं तरी ती तितकीच बरोबर होती. आता तुमच्यापैकी ज्यांचा स्वतःचा छोटा गेम आहे आणि त्याचं डिस्कॉर्ड, म्हणजे खेळाडूंच्या गप्पांचं ऑनलाइन ठिकाण, आहे, त्यांनी मनात आपापला ‘सूचना’ चॅनेल उघडून बघावा. तिथे काय असतं? वर अंगठा, खाली अंगठा, आणि ज्याला जास्त अंगठे ते आधी करायचं, एवढीच व्यवस्था. पोपटाची पोस्ट दुपारी तीन वाजता पडली असती तर रात्रीपर्यंत मीम्सखाली गाडली गेली असती.

मी मॉडरेटर म्हणून, म्हणजे अशा चॅनेलवर लक्ष ठेवणारी म्हणून काम केलंय, त्यामुळे आज बोलणार आहे ते मतमोजणीच्या आधीच्या कामाबद्दल. हे काम कंटाळवाणं आहे, आणि ते करायला कोणी तयार नसतं.

नमुन्यादाखल एक पोस्ट घेऊ. ‘भावा घोडा ॲड करा ना, किती दिवस झाले सांगतोय, नाहीतर अनइन्स्टॉल.’ यात बग म्हणजे खेळातला बिघाड कळवलेला नाही, शिवी नाही, म्हणजे ही सूचना. नवखा मॉडरेटर यादीत लिहितो, ‘घोडा’. इथेच घोटाळा होतो. त्या मुलाला घोडा का हवाय? विचारलं की कळतं, त्याला एका गावातून दुसऱ्या गावात जायला चार मिनिटं नुसतं बटण दाबून चालावं लागतं आणि वाटेत काही घडत नाही. म्हणजे दुखणं आहे रिकाम्या वाटेचं. त्यावर उपाय घोडा असू शकतो, होडी असू शकते, वाटेत एखादा लुटारू सोडता येईल, किंवा दोन गावं सरळ जवळ आणता येतील. घोडा हा त्यातला सगळ्यात महाग उपाय, कारण त्याला ॲनिमेशन लागतं, तो पायऱ्यांवर कसा चढेल ते बघावं लागतं, आणि तो पाण्यात गेला की काय होतं याचे नवे बग येतात.

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचे मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटर यांनी २०१६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये याच आशयाचं सांगितलं होतं: बिघाड कुठे आहे हे प्रेक्षकाला नेमकं कळतं, तो दुरुस्त कसा करावा हे फारसं कळत नाही. मी त्यात थोडी भर घालीन. खेळाडूचा उपाय फेकून देऊ नका. दुखण्याच्या शेजारी तोही लिहून ठेवा, त्याच्याच शब्दांत. कारण त्यानं घोडाच का मागितला, उडती चटई का नाही, यात त्याला तुमच्या खेळाचं जग कसं दिसतं हे कळतं.

तर यादीतला मथळा दुखण्याचा करायचा: ‘दोन गावांमधली वाट रिकामी वाटते’. त्याखाली सगळे घोडे, सायकली, टेलिपोर्ट एकत्र बांधायचे. इथे आपल्याकडची एक खास डोकेदुखी येते. आपली मुलं रोमन अक्षरांत मराठी लिहितात आणि स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. कोणी ‘घोडा’त एक ओ घालतं, कोणी दोन, कोणी सरळ ‘हॉर्स’ लिहितं, कोणी ‘गाडी पाहिजे’ म्हणतं. सर्च केलं तर निम्म्याही सापडत नाहीत. त्यामुळे ‘आधी शोधा, मग लिहा’ हा नियम आपल्याकडे चालत नाही, आणि तो मोडला म्हणून पोरांवर खेकसण्यात अर्थ नाही. जोडायचं काम माणसानंच करायचं. जोडलेल्या पोस्ट डिलीट करू नका. पन्नास जणांना घोडा हवा असतो तेव्हा त्यातल्या पाच जणांचं कारण वेगळंच निघतं. एखादी मुलगी लिहिते, की तिला घोडा पळवायचाच नाहीये, दाराशी बांधायचाय.

आता मतदान. ओल्ड स्कूल रूनस्केप या खेळाइतकं मनावर घेऊन मतदान क्वचितच कोणी केलं असेल. जॅगेक्स ही केंब्रिजची कंपनी. २०१३ मध्ये तिनं २००७ सालच्या बॅकअपवरून जुना खेळ पुन्हा सुरू केला, तोही आधी खेळाडूंचा कौल घेऊन. मग नियम झाला: नवीन काहीही आणायचं तर शंभरातल्या पंचाहत्तर मतदारांनी हो म्हणायला हवं. साधं बहुमत चालणार नाही. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. जुन्या खेळावर प्रेम करणाऱ्यांना जमवायचं आणि एकावन्न टक्क्यांवर तो बदलून टाकायचा, हे जमलं नसतं.

पण त्याची किंमतही बघा. खेळात नवीन कौशल्य आणायचं, हा प्रस्ताव पुन्हा पुन्हा पडला. २०१५ मध्ये नौकानयन पडलं. २०१९ मध्ये वॉर्डिंग नावाचं कौशल्य बरीच तयारी करून मांडलं, तेही पडलं. बहुतेकांना हवं होतं, पण होकार पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत पोहोचला नाही. २०२२ मध्ये ही रेषा सत्तर टक्क्यांवर आणली. मग २०२३ मध्ये कंपनीनं पद्धतच बदलली. नवीन कौशल्य हवं का, हे आधी विचारलं. मग तीन कल्पना पुढे ठेवल्या, त्यातून नौकानयन निवडून आलं, मग आराखड्यावर खेळाडूंशी बोलणं झालं आणि पुन्हा मत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते खेळात आलं. गंमत अशी, की या नौकानयनाची सुरुवात मुळात एप्रिल फूलच्या थट्टेतून झाली होती.

त्याच खेळात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. एकमेकांना मारणारे खेळाडू तिथे अल्पसंख्य. त्यांच्या भागासाठी काही सुधारणा मतदानाला टाकली की ज्यांचा तिथे पायही पडत नाही असे लोक ‘नाही’ म्हणून जायचे. काहींचं तर उघड म्हणणं होतं, की आम्हाला ही माणसंच आवडत नाहीत. शेवटी कंपनीला ठरवावं लागलं, की खेळाचा तोल सांभाळणारे काही बदल मतदानाशिवायच होतील. तुमच्याकडे हे लहान प्रमाणात होणारच. मोबाइलवर खेळणारे बहुसंख्य असले तर कंट्रोलरवाल्यांची सूचना कायम तळाशी राहील. ती वाईट म्हणून नाही. अंगठा देणाऱ्याला तिचा अर्थच कळत नाही म्हणून. मत घ्यायचंच तर आधी विचारा, हा बदल कोणाला लागू होतो, आणि त्यांची मतं वेगळी मोजा.

माइनक्राफ्टचं मॉब व्होट मात्र मला कधीच पटलं नाही. २०१७ पासून काही प्राणी दाखवायचे, एक निवडायचा, बाकीचे गेले. २०२३ मध्ये खेकडा, पेंग्विन आणि आर्माडिलो होते. आर्माडिलो जिंकला, पण त्याआधी हे मतदानच बंद करा म्हणून याचिका निघाली आणि तिच्यावर लाखांवर सह्या झाल्या. साहजिक आहे. तुम्ही मुलांना तीन खेळणी दाखवून दोन परत कपाटात ठेवलीत. २०२४ मध्ये मोजांगनं ते मतदान थांबवलं. खेळाडूंकडून ऐकण्याचा तो मार्ग नव्हताच, ती जाहिरात होती. जाहिरात म्हणून उत्तम होती, एवढं मी मानते.

आता नकाराबद्दल. आपल्याकडे सगळ्यात लाडका शेरा ‘विचाराधीन’. सरकारी कचेरीत हा शेरा म्हणजे काय हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. डिस्कॉर्डवरही अर्थ तोच. त्याऐवजी सरळ ‘नाही’ लिहा आणि पुढे एका वाक्यात कारण द्या. मोजांगच्या सूचनांच्या साइटवर आधीच विचार करून झालेल्या मागण्यांची यादी असते. ती वाचली की निदान नवा माणूस तेच पुन्हा लिहीत नाही. पण कारण दिलं की वादही येतो, आणि तो यावा. २०२१ मध्ये त्यांनी बेडूक काजवे खातील असं दाखवलं होतं. मग काजवे काढून टाकले, कारण काही काजवे बेडकांना विषारी असतात. लोक म्हणाले, अहो, मग बेडकांना दुसरं काही खायला द्या, काजवे नुसते चमकू देत! ‘काजवे रद्द’ एवढंच लिहिलं असतं तर हे उत्तर सुचलं नसतं. २०२५ मध्ये काजव्यांची झुडपं त्या खेळात आली.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट, पण पुढे कोर्टापर्यंत जाऊ शकते. रोझवॉटर लोकांचे प्रश्न रोज वाचतात, पण कोणी स्वतः तयार केलेलं कार्ड पाठवलं तर ते वाचत नाहीत. कारण कायदेशीर आहे: उद्या तसंच कार्ड आलं तर कल्पना कोणाची, हा वाद नको. तुम्ही सूचना मागताय, म्हणजे वाचणारच आहात. मग त्या वापरण्याची मुभा आम्हाला असेल आणि त्याचे पैसे मिळणार नाहीत, हे चॅनेलच्या माथ्यावर साध्या मराठीत लिहा, आणि एकदा वकिलाला दाखवा.

मघाशी मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: ‘एवढं सगळं केलं तरी सूचना देणारे तेच ते वीस जण असतात, त्याचं काय?’ बरोबर आहे. आणि ते वीस जण तुमचा खेळ कोळून प्यायलेले असतात, त्यामुळे त्यांना शेवटची पातळी आणखी अवघड हवी असते. ज्यानं पहिल्या दहा मिनिटांत खेळ बंद केला, तो सूचना लिहायला येत नाही. त्याच्यासाठी डिस्कॉर्ड कितीही नीट लावलंत तरी उपयोग नाही. शेजारच्या मावशींच्या हातात फोन द्या आणि मागे उभे राहा. तोंडातून एक शब्द काढू नका. त्या कुठे थांबतात, कुठे चुकीचं बटण दाबतात, कुठे ‘हे काय आता?’ म्हणतात, ते लिहून घ्या आणि त्याच यादीत टाका, बाकीच्या सूचनांसारखंच, दुखण्याच्या मथळ्याखाली.