बॉयकॉट हे आडनाव होतं!

नमस्कार! आजचा शब्द 'बॉयकॉट'. अर्थ आपल्याला ठाऊक आहे: बहिष्कार. पण इंग्रजीत हा शब्द आला तो एका माणसाच्या आडनावावरून. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट.

साल १८८०, आयर्लंडचा मेयो परगणा. पीकपाण्याचे हाल, खंड भरता भरता कुळं मेटाकुटीला आलेली. जमीन लॉर्ड अर्नची आणि तिथला कारभार बघायला हा बॉयकॉट. कुळांनी २५ टक्के सूट मागितली. अर्नसाहेब १० टक्क्यांच्या पुढे सरकेनात. मग बॉयकॉटने जमीन खाली करण्याच्या नोटिसा काढल्या.

त्याच सप्टेंबरात पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने एनिसच्या सभेत सांगितलं होतं: हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल, त्याला मारू नका, वाळीत टाका. मेयोच्या लोकांनी तोच उपाय थेट या कारभाऱ्यावर केला. गडीमाणसं काम सोडून गेली. दुकानदार सामान देईनात. टपालसुद्धा अडलं. आणि शेतात बटाटे, सलगम तसेच पडून!

ते काढायला बाहेरून ५० मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक आणि पोलीस. सुमारे ५०० पौंडांच्या पिकासाठी १०,००० पौंड खर्ची पडले, असं सांगतात. शेवटी डिसेंबरात बॉयकॉटने आयर्लंड सोडलं.

या प्रकाराला नाव काय द्यायचं? इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइज' (वाळीत टाकणं) हा शब्द होता, पण तो शेतकऱ्यांच्या तोंडी कुठला बसायला! तिथले पाद्री फादर ओमॅली यांनी सुचवलं, सरळ 'बॉयकॉट करणं' म्हणू. त्याच वर्षी शब्द वर्तमानपत्रांत आला. पुढे फ्रेंच, जर्मन, जपानी भाषांनीही उचलला.

आता वापर. कंटाळा आला म्हणून मीटिंग चुकवली, तर तो बॉयकॉट नव्हे. एकटा माणूसही बॉयकॉट करू शकतो, पण त्यामागे निषेध हवा. 'बॅन' आणि 'बॉयकॉट' यांची तर सर्रास गल्लत होते. बॅन घालतो तो अधिकार असलेला. बॉयकॉटला अधिकार लागत नाही, आपण घेणं-जाणं थांबवलं की झालं.

क्रियापद म्हणून वापरताना मध्ये 'टू' घुसडू नका. 'दे बॉयकॉटेड द मीटिंग', बस्स. आणि स्पेलिंगमध्ये शेवटी दोन टी. आडनावातच दोन आहेत ना!