थ्री-डी स्कॅन कुणाला आणि कशासाठी?

आमच्या दातांच्या स्कॅन सेंटरवर पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच सांगतात, 'डॉक्टर, तो मोठा थ्री-डीवाला स्कॅनच करून टाका. एकदाच काय ते कळू दे.' मी विचारतो, काय कळायला हवंय? त्यावर चिठ्ठी पुढे येते. चिठ्ठीवर एकच शब्द असतो, 'सीबीसीटी', म्हणजे तोच थ्री-डी स्कॅन. कुठली दाढ, कसली शंका, काही लिहिलेलं नसतं. आज माझी तक्रार आहे ती या चिठ्ठीबद्दल.

साधा छोटा एक्स-रे म्हणजे दाढेची सावली. पुढचं मूळ, मागचं मूळ, मधलं हाड, सगळं एकावर एक पडतं. मुळाच्या टोकाशी झालेला जंतुसंसर्ग हाडाच्या आतल्या जाळीदार भागातच असेल, बाहेरच्या कठीण कवचापर्यंत पोचला नसेल, तर एक्स-रे चक्क स्वच्छ दिसू शकतो. दाढ ठणकत असते आणि फोटो म्हणतो, काही नाही.

वरची पहिली दाढ घ्या. तिला मुळं सहसा तीन, पण गालाकडच्या पुढच्या मुळात पुष्कळदा दोन नळ्या असतात. रूट कॅनल झालेलं आहे, कॅप बसलेली आहे, तरी भाकरीचा कडक पापुद्रा चावला की कळ येते. एक्स-रेत सगळं व्यवस्थित भरलेलं दिसतं, कारण चौथी नळी शेजारणीच्या आड लपते. अशा वेळी डॉक्टरांनी 'चौथी नळी राहिली आहे का?' एवढं लिहिलं, तरी माझं अर्धं काम होतं. मग अख्खा जबडा कशाला? जेमतेम पाच सेंटिमीटरचा भाग पुरतो. स्क्रीनवर मी मुळाचे आडवे काप एकेक करत बघत जातो. मूळ लांबट दिसतं आणि त्यात भरलेली नळी पांढरीशुभ्र. पण ती मधोमध नसते, गालाच्या बाजूला सरकलेली असते. इथेच शंका येते. टाळूच्या बाजूला बारीक काळा ठिपका सापडतो. त्याचा माग काढत मुळाच्या टोकाशी जावं, तर तिथे हाडात काळं वर्तुळ, म्हणजे जंतुसंसर्गाची खूण!

अक्कलदाढेचंही असंच. बहुतेकांना ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकच सपाट एक्स-रे, पुरतो. पण खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या नलिकेची पांढरी कड मुळापाशी तुटलेली दिसली, किंवा मूळ तिथेच काळपट झालं, तर मात्र स्कॅन हवाच. नस मुळाला खेटून असेल, तर सर्जन कधी कधी वरचा भाग काढून मुळं मुद्दाम आतच ठेवतात. ओठ कायमचा बधिर होण्यापेक्षा ते बरं.

आता किरणांचं. राँटजेनना 1895च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण सापडले आणि 1896च्या जानेवारीत जर्मनीत ऑटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा फोटो काढलासुद्धा. त्यासाठी ते पंचवीस मिनिटं किरणांत होते! न्यू ऑर्लीन्सच्या एडमंड केल्स या दंतवैद्यांनी वर्षानुवर्षं स्वतःचा हात किरणांत धरला, त्यांना आधी बोटं आणि शेवटी हात गमवावा लागला. आज छोट्या एक्स-रेला काही मायक्रोसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) लागतात. सीबीसीटीला मशीन आणि भाग बघून दहा-वीसपासून काहीशेपर्यंत. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी 2400 मिळतातच. म्हणजे घाबरायचं कारण नाही. पण 'सोबत होऊन जाऊ दे' म्हणून, त्यातही लहान मुलाचा, स्कॅन काढणं मला मान्य नाही.

आणि हा स्कॅन फसवतोही. धातूची कॅप किंवा पोस्ट (मुळात बसवलेली दांडी) असेल, तर भोवती काळे-पांढरे पट्टे उमटतात आणि धड मूळ तडकल्यासारखं दिसतं. म्हणजे तडा शोधायला जिथे स्कॅन सर्वांत जास्त हवा असतो, नेमका तिथेच त्याच्यावर भरवसा कमी. अशा वेळी डॉक्टर बारीक प्रोब, म्हणजे खोली मोजायची सळई, हिरडीच्या कडेने फिरवतात. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच जागी सरळ आठ-नऊ खोल गेला, तर तिथे तडा असल्याची शंका बळावते आणि माझ्या स्क्रीनपेक्षा मी त्या प्रोबचं ऐकतो.

तंबाखू-मिश्रीवाल्यांच्या गालातला पांढरा चट्टा तर यांतल्या कुठल्याच फोटोत दिसत नाही. तो डोळ्यांनी बघायचा, बोटाने चाचपायचा आणि शंका आली तर तुकडा तपासायला पाठवायचा. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर माझ्याकडे येऊ नका, आधी तुमच्या डेंटिस्टकडे जा. आणि स्कॅनसाठी पाठवलंच, तर चिठ्ठीवर दाढेचा नंबर आणि शंका लिहून घ्या, जुने एक्स-रेही सोबत आणा.