साठा आणि पातळी

श्रोतेहो, नमस्कार.

दर वर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये जितके निरोप समारंभ एका दिवसात होतात, तितके एरवी क्वचितच होत असतील. याचे कारण माझ्या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊक आहे. मुलाला शाळेत घालायला आलेल्या आईवडिलांना जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी शाळा उघडण्याचा महिना धरून आणि मुलाचे वय बसेल असे साल घेऊन दाखल्यावर १ जून लिहीत असत. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे एक जूनची ही सारी मंडळी ३१ मे रोजी शाल आणि श्रीफळ घेऊन घरी जातात. २०१९ साली मीही असाच घरी गेलो.

माझा खरा जन्म १९६१ च्या गौरी-गणपतीतला. त्या वर्षी १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले, तेव्हा आई सात महिन्यांची गरोदर होती आणि नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड होते. पूर ओसरल्यावर ती सासवडजवळच्या माहेरी गेली आणि तिथे गौरी जेवणाच्या दिवशी माझा जन्म झाला. त्याची नोंद कोणी केली नाही. दाखल्यावरच्या तारखेपायी नोकरीचे साडेतीन महिने गेले, याचे त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटले होते. १९८४ साली मी पाटबंधारे खात्यात, म्हणजे आजच्या जलसंपदा विभागात, कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, आणि पस्तीस वर्षे धरणांत आलेल्या आणि धरणांतून गेलेल्या पाण्याचा हिशेब ठेवला. पावसाळ्याची मोजणी १ जूनला सुरू होते. ती सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मी घरी बसलो.

वय वाढते तसतशी वर्षे भराभर जाऊ लागतात, ही तक्रार आपण सगळेच करतो. आत्ताच तर गणपती बसले होते, म्हणेपर्यंत पुन्हा मांडवाचे खांब रस्त्यात दिसू लागतात. माझ्यापुरता या वेगाचा मोठा साक्षीदार म्हणजे नोव्हेंबर महिना. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो; आपण जिवंत आहोत, असे सही करून सांगावे लागते. अशा सात सह्या माझ्या झाल्या आहेत. पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये एक पूर्ण वर्ष होते, असे आठवते. सहावी आणि सातवी यांच्यामध्ये जेमतेम चार महिने असावेत, असे वाटते.

असे का होते, याचे एक उत्तर फ्रान्समधील तत्त्वचिंतक पॉल जाने यांनी १८७७ साली दिले होते आणि अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली त्याची दखल घेतली. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे जगलेल्या आयुष्याचा दहावा भाग, आणि साठ वर्षांच्या माणसाला तेच वर्ष साठावा भाग. म्हणून ते लहान भासते. हे उत्तर मी प्रथम वाचले तेव्हा मला खडकवासल्याचा जलाशय आठवला. धरण काठोकाठ भरलेले असते तेव्हा जलाशय वरच्या अंगाला पसरट असतो, आणि कालव्यातून कितीही पाणी सोडले तरी पातळी बोट-दोन बोटे उतरते. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, संपत येते तेव्हा पाणी दरीच्या अरुंद भागात गेलेले असते. विसर्ग तेवढाच, दिवस तेवढाच, पण पातळी झपाट्याने खाली जाते. रोजची नोंद करणाऱ्या नव्या मुलाला हे पहिल्यांदा दिसते तेव्हा तो घाबरतो आणि कुठे गळती आहे का, असे विचारतो. गळती नसते, दरीचा आकारच तसा असतो. आयुष्याच्या उतरणीवर माणसाला वाटणारी धास्ती नेमकी याच जातीची आहे, असे मला बरेच दिवस वाटत होते.

परंतु या उत्तराने माझे पूर्ण समाधान झाले नाही. ते खरे असते, तर माझे प्रत्येक वर्ष आधीच्या वर्षापेक्षा थोडे लहान व्हायला हवे होते, आणि तसे झालेले नाही. २०१९ चा पावसाळा मला अठ्ठावन्नाव्या वर्षी आला आणि तो माझ्या आयुष्यातला फार लांब पावसाळा ठरला. जुलैत सरी कोसळू लागल्या की मी पहाटे उठून बसत असे, आणि पानशेतला किती, वरसगावला किती, टेमघरला किती, हे विचारायला फोनकडे हात जाई. ऑगस्टच्या आरंभी खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुरू झाला, तेव्हा मी छत्री घेऊन लकडी पुलावर जाऊन उभा राहिलो. बाबा भिडे पूल पाण्याखाली गेला होता. पस्तीस वर्षे जे पाणी मी आकड्यांत पाहिले, ते त्या दिवशी प्रथम काठावरच्या माणसासारखे पाहिले. त्याचा गढूळ रंग, त्यातून वाहत आलेली झाडाची फांदी, शेजारी नातवंडाला खांद्यावर घेऊन उभे असलेले गृहस्थ, हे सगळे आजही माझ्यापाशी आहे. त्याच्या उलट २०२० साल. त्या टाळेबंदीत एकेक दुपार सरता सरत नव्हती. आणि आज मागे वळून पाहिले तर ते अख्खे वर्ष पापडासारखे पातळ झाले आहे. जाताना लांब आणि आठवताना आखूड, अशी त्याची गत झाली.

म्हणजे वेळाची दोन मापे आहेत. एक, तो जात असतानाचे. दुसरे, तो गेल्यानंतरचे. मागे वळून पाहताना मन घड्याळ पाहत नाही, ते खुणा मोजते. जिथे नवे काही घडले तिथे खूण राहते. जिथे काल आणि आज सारखेच होते तिथे पन्नास दिवसांचा एक दिवस होतो. मानसशास्त्राच्या अभ्यासकांना असे आढळले आहे, की उतारवयातल्या माणसांना विचारले तर त्यांच्या आठवणींची सर्वांत दाट गर्दी साधारण दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतची असते. पहिली नोकरी, लग्न, पहिले मूल, पहिले भाड्याचे घर, हे सारे त्याच काळात येते. पुढे आपण जे शिकलो ते वापरत राहतो, आणि ज्या गोष्टी सवयीने होतात त्या मन लिहून ठेवत नाही.

हे कळल्यावर निवृत्तीविषयीचे माझे मत बदलले. आपल्याकडे निवृत्तीचे नियोजन म्हणजे पैशाचे नियोजन. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, किती, रजेचे रोखीकरण किती, अंशराशीकरण, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही हिस्सा विकून एकरकमी पैसे घेणे, करावे की नाही, या प्रश्नांवर आम्ही कचेरीत महिनोन्‌महिने चर्चा केली. अकरा वाजता काय करायचे, हा प्रश्न कोणीही कोणाला विचारला नाही. अंशराशीकरणाच्या अर्जावर सही करताना मात्र एक गोष्ट झाली. विकलेला हिस्सा पंधरा वर्षांनी पुन्हा चालू होतो. म्हणजे २०३४, असा हिशेब लिपिकाने सहज सांगितला. त्या साली आपण असू का, हा विचार माझ्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आकड्यासह आला, आणि मी काही क्षण पेन हातात धरून नुसता बसून राहिलो.

निवृत्तीचे वय निसर्गाने ठरवलेले नाही. जर्मनीत बिस्मार्क यांच्या काळात १८८९ साली वार्धक्यवेतनाचा कायदा झाला, तेव्हा हे वय सत्तर होते आणि १९१६ मध्ये पासष्ट झाले. आपल्या केंद्र सरकारात ते १९९८ साली अठ्ठावन्नाचे साठ झाले. राज्यात बहुतेकांना आजही अठ्ठावन्नच आहे. अठ्ठावन्न म्हटले की पुणेकरांना महर्षी कर्वे यांची आठवण व्हावी. १८५८ साली जन्मलेले धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये, नेमक्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. एकाहत्तराव्या वर्षी ते युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले आणि १९६२ साली, एकशे चार वर्षांचे होऊन, गेले. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. तरीही त्यांचे नाव घेऊन घरी बसलेल्या माणसाला लाजवणे मला पटत नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात तीस-तीस वर्षे यंत्रापुढे उभे राहिलेल्या कामगाराला बसून राहण्याचा पूर्ण अधिकार आहे. आणि ज्यांना १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे निवृत्तिवेतन मिळते, त्यांच्यासाठी २०१४ साली ठरलेली किमान रक्कम महिना एक हजार रुपये आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे निवांत म्हातारपणाच्या गप्पा करणाऱ्याने आवाज थोडा खाली आणावा.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. माझ्या पत्नीला ३१ मे कधी आलाच नाही. मी घरी बसलो आणि तिच्या कामात चहाच्या दोन फेऱ्यांची आणि दुपारच्या गरम जेवणाची भर पडली. सहा महिन्यांनी तिने एवढेच म्हटले, "तुम्ही निवृत्त झालात, माझी मात्र बढती झाली." ती रागावली नव्हती, म्हणून ते जास्त लागले. त्यानंतर सकाळचा स्वयंपाक मी शिकून घेतला. कणीक मळण्यापासून पोळी फुगेपर्यंत मला पावसाळ्याचे चार महिने लागले, आणि ते चार महिने मला दिवसवार सांगता येतात.

दुसरे म्हणजे मी मोडी लिपी शिकायला लागलो आणि तिच्या नादाने जुन्या पुण्याचे पाणी शोधू लागलो. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालून नळ काढून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले. कोणताही पंप नाही, केवळ उतार. पेठांमध्ये हौद बांधून ते लोकांना दिले. पस्तीस वर्षे मी याच शहराच्या पाण्याचे हिशेब केले आणि फडके हौदाच्या चौकातून हजार वेळा गेलो, पण हे नाव एका खऱ्या हौदाचे आहे, याचा विचार कधी केला नव्हता. आता मी दर गुरुवारी एक पेठ घेतो आणि पायी फिरतो. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद. पत्ता विचारला की कोणीतरी म्हातारे गृहस्थ ओट्यावरून उठून सोबत येतात, दोन चुकीच्या बोळांतून नेतात आणि मग स्वतःच्या लहानपणीची विहीर दाखवतात. वर्गात माझ्या शेजारी बसणारी मुलगी वीस वर्षांची आहे. ती मला अक्षरे जोडून दाखवते आणि मी तिला नळाचा उतार कसा काढतात ते सांगतो. चाळीस वर्षांनी मला पुन्हा काहीतरी येत नाही, याचा आनंद फार मोठा आहे.

आपल्या परंपरेत आयुष्य वर्षांनीच नव्हे, पौर्णिमांनीही मोजले आहे. एक हजार पौर्णिमा व्हायला सुमारे ऐंशी वर्षे आणि दहा महिने लागतात. म्हणून एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतात. माझ्या आठशेही पुऱ्या झालेल्या नाहीत. आईच्या २०२३ साली, अधिक श्रावण सरल्यानंतर, हजार पुऱ्या झाल्या. त्या दिवशी आरती चालू असताना ती माझ्या कानात म्हणाली, "मला एकदा पर्वतीला घेऊन चल."

पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या तिला आता चढवणार नाहीत, हे तिलाही माहीत होते. आम्ही पायथ्याशी पहिल्या पायऱ्यांवर बसलो. काल काय जेवलो, हे तिला हल्ली आठवत नाही. पण १२ जुलैला वाड्यात पाणी शिरल्यावर आजीने तिच्या हाती दुधाचे पितळी पातेले दिले, आणि ते न सांडता ती गर्दीतून इथवर कशी आली, हे तिने पायरी-पायरीने सांगितले. वडील कामावर गेले होते. ते जिवंत आहेत की नाहीत, हे संध्याकाळपर्यंत कळले नाही. वरून पाहिले तर शहर दिसत नव्हते, नुसते पाणी. कोणा परक्या बाईने तिला टेकायला जागा करून दिली आणि दूध तिथल्या लहान मुलांना वाटून टाकले. "अरे, ती दुपार काही केल्या संपेचना," आई म्हणाली. मी मध्येच विचारत होतो, ती सांगत होती; पातेल्याला कल्हई होती की नव्हती, हेसुद्धा तिला ठाऊक होते. ते पातेले अजून घरात आहे आणि त्यात मी रोज दूध तापवतो, हे तिने सांगेपर्यंत मला माहीत नव्हते.

आम्ही रिक्षाने घरी परतलो. पत्नीने दार उघडले, तेव्हा उशीर झाला म्हणून मी काही बोलणार होतो. घड्याळात सव्वापाच वाजले होते. मला वाटले होते, आठ वाजून गेले असतील.