अत्तराला ऋतू असतो

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेवर माझा विषय ‘सुगंधाचं रसायन’ असा छापलाय. रसायनाकडे येतोच. पण आधी मे महिन्यातली एक गोष्ट ऐका, नाहीतर माझा मुद्दा तुम्हाला पटायचा नाही.

माझा भाचा पुण्याला असतो. त्यानं मला एका नीश परफ्यूमची करंगळीएवढी कुपी आणून दिली. नीश म्हणजे जाहिरातीत नट हातात धरून उभा असतो ते नव्हे. छोटी घराणी असतात, थोडा माल काढतात. किंमत मी दोनदा विचारली, दोन्ही वेळा भाच्यानं चहा मागितला. हुंगलं तर आधी वेलदोडा, खलबत्त्यात नुकता ठेचलेला, जरासा कापरासारखा. त्यामागून मिरी, दालचिनी, लवंग. आणि तळाला गोडवा, कढईत गुळाचा पाक फेसाळतो ना, अगदी त्या घडीचा. मी खूश.

लातूरच्या स्टँडवर मानेला, मनगटाला, शर्टाला मिळून चार फवारे मारले. वीस मिनिटांत मला वासच येईना. म्हटलं, उडालं वाटतं. आणखी दोन मारले.

अंबाजोगाईची लालपरी, दुपारचे दोन, पारा चाळीसच्या पुढं, खिडकीतून भट्टीची हवा. रेणापूर यायच्या आत पुढच्या सीटवरची आजी वळून वळून बघायला लागली. आधी माझ्याकडं, मग माझ्या मांडीवरच्या पिशवीकडं. शेवटी म्हणाली, “पावणं, लाडू हायत का?” म्हटलं, नाही. “मग सुंठवडा?” नाही हो आजी. तिचा विश्वास बसेना. “बाळंतिणीकडं चाल्लाव म्हणून सांगा की, लाजायलाव कशाला? पोरगं झालं का पोरगी?” आता सगळ्या गाडीचे कान इकडं. कंडक्टर तिकिटाचं मशीन धरून तसाच उभा. मग खरं सांगितलं, “आजी, सेंट मारलाय.” ती गप्प झाली. थोड्या वेळानं शेजारणीला म्हणाली, “ह्या वयात.”

हसा, हसा. बर्दापूरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. पण त्या आजीच्या नाकाला माझा दंडवत आहे. सुंठ, वेलदोडा, जायफळ, गूळ. मसाला आणि गोड एकत्र आले की आपलं नाक जन्माष्टमीला नाहीतर बाळंतिणीच्या खोलीत जातं. फ्रेंच लोक अशा खाऊच्या वासाच्या घराण्याला गुर्माँ म्हणतात. 1992 साली ‘एंजल’ नावाचं अत्तर बाजारात आलं तेव्हापासून हे घराणं जगभर चालायला लागलं. त्यात जळत्या साखरेचा वास देणारं एथिल माल्टॉल भरपूर होतं. आपल्याकडं गुऱ्हाळाच्या शेजारी राहणाऱ्याला हा वास फुकट मिळत होता, ते जाऊ द्या.

आता ऊद. हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आपण निखाऱ्यावर टाकतो तो ऊद म्हणजे झाडाचा डिंक. अत्तरवाला ‘ऊद’ म्हणतो ते अगरूचं लाकूड. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, नाव तेवढं एक. परवा एका लग्नात एका गृहस्थानं मला तासभर उलटं समजावून सांगितलं. मी जेवत होतो म्हणून वाद घातला नाही. आपल्या देवघरातल्या उदाला मात्र व्हॅनिलासारखा गोड वास असतो, आणि असल्या महागड्या बाटल्यांच्या तळाशी पुष्कळदा तोच बसलेला असतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग पळत पळत सांगतो.

अत्तरातली सगळी द्रव्यं एका वेगानं उडत नाहीत. आधी स्पिरिट जातं, मग वेलदोडा, मिरी. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनी मधल्या मुक्कामाला. व्हॅनिलाचा गोड वास देणारं व्हॅनिलिन जड, ते सर्वांत मागं राहतं. व्हॅनिलिन 1874 सालीच प्रयोगशाळेत तयार झालं, तेव्हापासून गोडवा स्वस्त झाला. थंड देशात ही वरात संथ चालते, एकेक पाहुणा नीट भेटतो. आपल्या मे महिन्यात मसाले भराभर पळून जातात, आणि जो गोडवा हळूहळू उलगडायचा तो एकदम अंगावर येतो. त्यात सतत येणारा वास नाक थोड्या वेळानं मोजायचंच सोडून देतं. मला वास येत नव्हता, पण गाडीला येत होता. ते दोन जादा फवारे म्हणजे माझा शुद्ध अडाणीपणा.

आपल्या जुन्या अत्तरवाल्यांना हे ठाऊक होतं. उन्हाळ्यात खस, मोगरा, केवडा. थंडीत हिना, शमामा. शमाम्यात तर मसाल्यांचीच गर्दी. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजच्या पद्धतीत स्पिरिट नाहीच, भपक्यात, म्हणजे वाफ उतरते त्या तांब्याच्या भांड्यात, चंदनाचं तेल असतं, त्यात वास उतरवायचा. कानात फाया ठेवला की झालं. मे महिन्यात कुणी हिना मागितला तर जाणता दुकानदार म्हणायचा, आत्ता खस न्या, हिना दिवाळीनंतर. माझं म्हणणं एवढंच की ही महागडी गोड-तिखट कुपीसुद्धा हिन्याच्या खणात ठेवायची.

आज मार्गशीर्ष आहे, देवीचा उत्सव चालू आहे, बाहेर शाल लागतेय. म्हणून आज मी तीच कुपी लावून आलोय. एकच फवारा, कॉलरच्या आत. चहाच्या टेबलाजवळ कागदाच्या पट्ट्या ठेवल्यात, पंधराच आहेत, घरटी एक घ्या. शर्टाला पुसू नका. आत्ता एकदा हुंगा, आणि घरी जेवणं झाली की पुन्हा एकदा.