ठाण्याच्या आधीची राखण

सासवडच्या पोलिसांचा इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे ठाणं येतं, फौजदार येतो. मी मात्र आज त्याच्या बरंच मागे जाणार आहे. पुरंदरच्या पायथ्याच्या या मुलखात चोर धरणारी माणसं खाकी येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. ती म्हणजे रामोशी.

बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची, रात्रीची राखण रामोशाची. गावात कोण आलं, कोण गेलं, परका माणूस कुणाच्या ओसरीवर उतरला, सगळ्यावर त्याची नजर. चोरी झाली की तो पावलांचा माग काढत निघायचा. माग शेजारच्या गावात गेला आणि तिथल्या राखणदाराची तशी खात्री पटवली, की याची जबाबदारी संपली आणि त्याची सुरू झाली. माग जिथे हरवला, त्या गावाने चोरीची भरपाई द्यायची: आधी रामोशाने ऐपतीप्रमाणे, उरलेली साऱ्या गावाने. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने १८१९च्या अहवालात हे नोंदवलं आहे. पूर्ण भरपाईचा आग्रह क्वचितच धरला जाई, हेही त्यात आहे. तरीही राखणारा आणि गाव दोघांनाही नुकसानीला बांधून घेणारी ही रीत मला फार मोलाची वाटते. तिच्यात दोष होतेच. हक्काचं बलुतं थकलं की राखणदारच चोरीकडे वळण्याची भीती असे.

१८१८ला पेशवाई बुडाली. रामोशांचे हक्क आधीच डळमळीत झाले होते, कंपनीच्या अमलात ते आणखी आटले. याच तालुक्यातल्या भिवडीचे उमाजी नाईक बंड करून उठले. सरकारने एकदा त्यांना माफी देऊन बंदोबस्ताच्या नोकरीतही घेतलं होतं, म्हणजे त्यांची राखणीतली ताकद कंपनीलाही ठाऊक होती. ते पुन्हा उठले, १८३१च्या अखेरीस पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली.

पुढचं सगळं कायद्यांचं. १८६७मध्ये मुंबई इलाख्यात गावपोलिसांचा कायदा झाला, १८९०मध्ये जिल्हा पोलिसांचा. राखण गावाच्या हातून सुटत सरकारी पगारावर गेली. १९६७च्या ग्रामपोलिस कायद्याने वतनदार पाटलाच्या जागी नेमलेला पोलिस पाटील आणला. आजही तपासाला गावात आलेला अंमलदार आधी त्यालाच गाठतो.

रामोशी मात्र या नव्या रचनेत राखणदार उरले नाहीत. राज्याच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे इंग्रजी अमलात गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींच्या, यादीत त्यांचं नाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या गाव जागवणाऱ्यांकडेच संशयाने पाहिलं गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दरवर्षी २ जानेवारीला पोलिस स्थापना दिन असतो. त्या सुमारास शाळेतली मुलं ठाण्यात येतात, त्यांना बंदुका दाखवतात, वायरलेस दाखवतात. माझी ठाण्याला विनंती आहे, या वर्षी मुलांना तासभर बसवून रामोशांच्या मागाविषयीही सांगा. माहिती लागली तर मी येईन.