संदर्भसूची आधी, शोधनिबंध नंतर

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

या सभागृहात शोधनिबंध न लिहिलेला माणूस सापडणे कठीण, तेव्हा संदर्भसूची म्हणजे काय हे सांगत बसत नाही. माझा आग्रह एकच आहे. सटीप संदर्भसूची, म्हणजे प्रत्येक नोंदीखाली त्या ग्रंथाविषयी छोटी टीप असलेली सूची, निबंध संपल्यावर शेपटासारखी जोडायची नसते. ग्रंथ समोर उघडा असताना, ग्रंथालयातील टेबलावरून उठण्यापूर्वीच तिची टीप लिहून व्हायला हवी.

हा आग्रह का, ते सांगतो. आपल्याला ठाऊक आहे की कोल्हापूरची गॅझेटियरे, म्हणजे प्रदेशाची सविस्तर माहिती देणारे सरकारी ग्रंथ, दोन आहेत: मुंबई इलाख्याच्या मालिकेतील चोविसावा खंड १८८६चा, म्हणजे संस्थान नांदते असतानाचा, आणि जिल्ह्याचे सुधारित गॅझेटियर १९६०चे, म्हणजे संस्थान विलीन होऊन दशक उलटल्यानंतरचे. एका प्रबंधाच्या सूचीत मला ‘खंड चोविसावा, संपादक जेम्स कॅम्पबेल, १९६०’ अशी नोंद दिसली. कॅम्पबेलसाहेब १९०३ सालीच निवर्तले होते; तेव्हा हे संपादन त्यांनी कोठून केले, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरावा. पुढे तीच नोंद, त्याच स्वल्पविरामांसह, दुसऱ्या प्रबंधात आली आणि मग तिसऱ्यात. तिसऱ्याच्या मौखिक परीक्षेस मी हजर होतो. परीक्षकांनी विचारले, “हा ग्रंथ आपण पाहिलात?” उमेदवार म्हणाले, “हो सर.” “कसा होता?” “जुना होता, सर.” यावर गाईडच आधी हसले, त्यामुळे पदवी वाचली.

ज्या कोल्हापुरात नगर वाचन मंदिर १८५० पासून उभे आहे आणि शिवाजी विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय आहे, त्या गावात न पाहिलेल्या ग्रंथांच्या याद्या एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरवल्या जाव्यात, याचे मला वैषम्य वाटते. शिवाय ही उसनवारी सॉफ्टवेअरलाही सापडत नाही, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनीच संदर्भसूचीला साम्यतपासणीतून, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचलला आहे का हे पाहणाऱ्या तपासणीतून, वगळले आहे. टीप मात्र ग्रंथ उघडल्याशिवाय लिहिता येत नाही. अर्थात अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे लेखकानेच दिलेला सारांश, उचलून तीच टीप म्हणून खपवणारेही आहेत. पण अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये लेखक स्वतःची ओळख करून देतो, आणि आपल्याला हवी असते त्याची उलटतपासणी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा टीप कशी लिहावी हा जाहीर केलेला विषय आता घाईनेच उरकावा लागेल. एक उदाहरण घेतो: अण्णासाहेब लठ्ठे यांनी लिहिलेले शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र, १९२४. टीप साधारण अशी होईल: ‘महाराजांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी प्रसिद्ध झालेले चरित्र. लेखक महाराजांच्या राजवटीत काम केलेले आणि पुढे संस्थानचे दिवाण, त्यामुळे माहिती निकटची. मात्र त्याच निकटतेमुळे मूल्यमापन ताडून घेणे आवश्यक. २६ जुलै १९०२च्या राखीव जागांच्या हुकुमासाठी मी मूळ जाहीरनामा वापरणार असून, त्या धोरणाकडे समकालीन सहकारी कसे पाहत होता, एवढ्यापुरताच या ग्रंथाचा आधार घेणार आहे.’ ग्रंथ काय सांगतो, कशाच्या बळावर सांगतो, कोठे तोकडा पडतो आणि माझ्या निबंधात त्याचे काम काय, हे सारे यात आले. शेवटचा प्रश्न अनुत्तरित राहिला, तर तो ग्रंथ कितीही थोर असला तरी सूचीतून काढावा.

टीप दीडशे शब्दांच्या आत ठेवावी. नोंदी वर्णानुक्रमे लावाव्यात. विभागाने शैली ठरवून दिली नसेल तर एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संदर्भलेखन-शैलीची, सातवी आवृत्ती धरावी. तीत टीप नोंदीखाली, नव्या परिच्छेदात, आत सरकवून येते. मौखिक साधने आणि दप्तरातील कागद यांच्या टिपांविषयी बोलायचे राहिले. त्याबद्दलचे प्रश्न चहाच्या वेळी अवश्य विचारावेत.